पथारीवरची चाल

आप्पा,

घरी आपण अहिराणीत बोलायचो आणि मी तुम्हाला सरळ ‘तू’ म्हणायचे. लिहायला बसलं की हात शाळेतल्या मराठीकडे वळतो आणि तुमचं ‘तुम्ही’ होऊन जातं. तुम्हाला ते परकं वाटेल. पण अहिराणीत मी कधी पत्र लिहिलेलं नाही, आणि खरं म्हणजे कुठल्याच भाषेत तुम्हाला लिहिलेलं नाही. तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. आज लिहितेय कारण एक गोष्ट विचारायची आहे. गोष्ट तशी लहान आहे. एक गाणं आहे, त्याची चाल तुमची की माझी ते मला सांगता येत नाही, आणि एका कागदावर सही करायची आहे.

मी आता नंदुरबारातच एका खासगी लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त काढायचं, नळ्यांवर नावाची चिठ्ठी लावायची, मशीनमध्ये ठेवायचं. चिठ्ठी मी दोनदा वाचते. समोरच्याला त्याचं नाव एकदा सांगायला लावते, सुई काढल्यावर परत सांगायला लावते. लोक वैतागतात. परवा एक बाई म्हणाली, “व माय, आते मन्हं लगीन लावनार शे का, कितल्यांदाव नाव इचारस?” सगळे हसले, मीही हसले, आणि तिसऱ्यांदा विचारलं. एकाचं दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये एवढंच माझ्या कामात महत्त्वाचं आहे, आणि ते मला चांगलं जमतं. म्हणून तर हा कागद अडला. सुरतेत काही मंडळी आहेत, ती खानदेशातल्या नव्या लोकांची गाणी गोळा करून रेकॉर्ड करतात. त्यांनी माझं एक गाणं घेतलं. रेकॉर्डिंग झालं, आणि नंतर एकपानी फॉर्म आला. शब्द कोणाचे, संगीत कोणाचं, आवाज कोणाचा. खाली एक वाक्य छापलेलं: वरील रचना माझी स्वतःची असून ती अन्य कोणाच्या रचनेवरून घेतलेली नाही. त्याखाली सहीची रेघ. ते वाक्य वाचलं आणि मला पथारी दिसायला लागली.

मिरची वाळवायचं ते मैदान, ती पथारी, अजून आहे. मधला रस्ता रुंद झाला, आपला पत्र्याचा आडोसा काढून तिथे पक्की खोली बांधली, पण हिवाळा आला की जमीन तशीच लाल होते. तुम्ही ओल्या मिरचीचे ढीग पसरून घ्यायचात, दिवसातून दोनदा पलटवून घ्यायचात, आणि कडेला बायका रांगेने बसून देठ खुडायच्या, पांढरी पडलेली फटकी मिरची वेगळी काढायच्या. माय त्यांच्यातच असायची. मी पाच-सहा वर्षांची, घरी ठेवायला कोणी नाही म्हणून तिथेच. शाळेत जायच्या आधी अक्षरं तुम्हीच शिकवलीत, लाल धुळीवर काडीने. ‘म’ काढला की म्हणायचात, मिरचीचा. ‘प’ काढला की पथारीचा. पहिलीच्या बाईंनी ‘प पतंगाचा’ म्हटलं तेव्हा मी हात वर करून त्यांची चूक सांगितली होती. ते आठवून माय अजून हसते.

दुसऱ्यांदा मिरची पलटवून झाली की तासभर करण्यासारखं काही नसायचं. माल उन्हावर सोडून द्यायचा. त्या तासात तुम्ही हातांना गोडेतेल चोळायचात, मग राख, मग साबण, आणि तरी तारांना तिखट लागायचंच. रिकाम्या बारदानाच्या थप्पीवर तुम्ही बसता, गिटार मांडीवर घेता. सगळ्यात बारीक तार बहुतेक वेळा नसतेच, कारण ती तुटली की नवी इथे मिळत नाही. पाच तारांवर चाललेलं असतं.

ती गिटार कुठून आली ते मला मायने नंतर सांगितलं. ट्रकवर पोती रचताना तुम्ही खाली पडलात, मांडीचं हाड मोडलं, आणि चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात कित्येक दिवस पाय टांगून पडून होतात. तिथे दक्षिणेकडचे एक वयस्क कर्मचारी होते. त्यांना आपली भाषा येत नव्हती, तुम्हाला त्यांची. काम संपलं की ते वॉर्डाच्या ओट्यावर गिटार वाजवत बसायचे. एक दिवस तुम्ही पाणी मागितलं, ते त्यांना कळलं नाही, मग तुम्ही तेच ‘पाणी दे रे भाऊ’ तोंडाने गुणगुणून दाखवलं. त्यांनी ते गिटारवर वाजवलं आणि हसत हसत पाणी आणलं. पुढचे दिवस तुमचं दोघांचं बोलणं असंच चाललं. तुम्ही बोलायचं, त्यांनी वाजवायचं, आणि मग गिटार तुमच्या पोटावर ठेवून उलट. घरी निघताना त्यांनी जुनी गिटार तुम्हाला देऊन टाकली. म्हणून तुम्हाला एकही गाणं येत नव्हतं, आणि वाजवायला मात्र येत होतं. मला हे मोठी होईपर्यंत कळलं नाही. मला वाटायचं, माझ्या वडलांना गाणी येत नाहीत.

बायकांना मात्र कळायचं. त्यांच्यात एक मोठ्या आवाजाची काकू होती, देठ खुडता खुडता सगळ्यांना बोलतं ठेवणारी. ती ओरडायची, “आप्पा, मन्ही सासू सकायपासून रुसेल शे, ते वाजाडी दाखाड.” तुम्ही विचारायचात, “कशी रुसनी? बोलीसन का मुकाट?” ती सांगायची, “पहिले गप बठस, मंग एकदम भांडं आपटस.” मग तुम्ही एकच सूर धरता, खालचा, थांबून थांबून, जणू कोणी भिंतीकडे तोंड करून बसलंय. काकू वाट बघते. सगळ्यांचे हात थांबलेले. आणि एकदम तुम्ही पाचही तारा खणकन ओढता. “हाईच! हाईच मन्ही सासू!” काकू मांडीवर थाप मारते, मग तिखट हाताने मांडी चोळते, आणि अख्खी रांग हसते. रोज कोणाचं ना कोणाचं वाक्य असायचं. भांडण, बाजार, कोणाच्या पोरीचं स्थळ, खापर गावच्या बाजारात हरवलेली चप्पल. तुम्ही ते वाक्य जसं बोललं गेलं तसं तारांवर घ्यायचात, वरखाली, थांबे, सगळं. मग त्याला परत वाजवायचात, जरा वळवून. मग अजून वळवून. वाक्य राहायचं नाही, पण त्याची चालण्याची ढब राहायची. आणि फिरून फिरून शेवटी खालच्या सुरावर यायचात. त्याला तुम्ही ‘घर’ म्हणायचात.

मला शिकवतानाही हेच. आठ वर्षांची असेन. तेलाच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण कापून तुम्ही मला तार छेडायला तिकोनी तुकडा केलात, कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्यात, माझ्या हातात दिलात. मी विचारलं, कोणतं गाणं वाजवू? तुम्ही म्हणालात, “गानं नको. तीन सूर ले. आज काय व्हयनं ते सांग.” मी म्हटलं, काहीच नाही झालं. “मंग हाईच वाजाड. काहीच नही व्हयनं.” मी रडायला लागले. मला बरोबर काय ते कोणीतरी आधी सांगावं लागतं, आप्पा, तेव्हाही तसंच होतं. तुम्ही माझं बोट खालच्या सुरावर ठेवलंत. “हाई घर. हाई ध्यानमा ठेव, मंग कथाबी हिंड. हरपावनार नही.” मी हिंडले नाही. मी त्या सुरावरून बोटच उचललं नाही.

नंतर शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एक सिनेमातलं गाणं बसवलं. एक शिक्षक शिकवत होते, त्यांनी कुठे कोणतं बोट ते कागदावर लिहून दिलं होतं, आणि लिहिलेलं मला चुकत नव्हतं. पथारीवर येऊन मी ते सगळ्यांसमोर वाजवलं, एकही सूर न चुकता. बायकांनी कौतुक केलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “चांगलं वाजाडं. पन हाई दुसरानं सांगनं शे. तुन्हं काय शे?” आवाज चढवला नाहीत. पण त्यानंतर मी तुमच्यासमोर वाजवलं नाही. दोन वर्षं असेल. तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही विषय काढला नाही, आणि दहावीच्या हिवाळ्यात तुम्ही एका दुपारी छातीत दुखतंय म्हणून बारदानावर आडवे झालात.

बायका पथारीवरून तशाच घरी आल्या होत्या. हात धुवायला कोण थांबतंय. तिखटाचे हात डोळ्यांना लावता येत नाहीत म्हणून त्या हात पुढे धरून, लांब करून बसल्या होत्या, आणि पाणी गालांवरून, हनुवटीवरून खाली लुगड्यावर पडत होतं. कोणाला पुसता येत नव्हतं. माझे हात स्वच्छ होते, पण मला पुसायचं काही नव्हतं. मी कप विसळत होते. कोणीतरी म्हणालं, पोरीला धक्का बसलाय, रडवा तिला. मी वाट पाहिली. आज बारा वर्षांनी सांगते, ते आलं नाही. मी त्याबद्दल डॉक्टरांना विचारलं आहे, इंटरनेटवर वाचलं आहे. काही लोकांना येत नाही, असं लिहिलेलं असतं.

गिटार मी त्याच महिन्यात काढली. तारा नव्या आणवल्या, सहाच्या सहा. मोबाइलवर बघून बघून शिकले. सप्तक, त्यासाठी तारांवर बोटं मांडायचे पाच आकार, मग दुसऱ्यांच्या गाण्यांतले नुसत्या गिटारचे सोलो, सूर न सूर. एक सोलो बसवायला मला चार महिने लागले होते, आणि तो मी अजून झोपेतून उठवलं तरी वाजवेन. कॉलेजात लोक ऐकायला बसायचे. स्वतःचं काही करून बघ म्हणाले की मी कागद घेऊन बसायचे आणि पहिल्याच ओळीला वाटायचं, हे कुठेतरी ऐकलेलं आहे. खोडायचे. नवं लिहायचे, तेही ऐकलेलं वाटायचं. बारा वर्षांत माझ्याकडे एक गाणं झालं नाही. बोटं मात्र तयार होती, अगदी तयार.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी रिक्षाने पथारीवरून जात होते. चार वाजले असतील. रिक्षावाल्याने ठसका लागला म्हणून रुमाल तोंडावर घेतला. मला ठसका लागत नाही. रांगेतली एक बाई दुसरीला म्हणत होती, “ऊन कलनं, आते तरी बठ.” ती दुसरी उभीच होती, कमरेवर हात ठेवून. एवढंच. घरी येऊन मी गिटार घेतली, आणि काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. कागद घेतला नाही. तीन सूर घेतले. ‘ऊन कलनं’ वर जातं आणि थांबतं, ‘आते तरी’ हळूच खाली येतं, आणि ‘बठ’ घरी. मी ते परत वाजवलं, जरा वळवून. मग अजून. माय भाकरी थापत होती. तिच्या चार-पाच भाकऱ्या होईपर्यंत चाल पूर्ण झाली होती, कडव्यासकट. शब्द दोन दिवसांत लिहिले. उभ्या असलेल्या बाईला बसायला सांगणारं गाणं आहे, दुसरं त्यात काही नाही. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं, एका मैत्रिणीने पुढे पाठवलं, तिथून सुरत.

सुरतेचा स्टुडिओ म्हणजे कापडाच्या दुकानामागची एक खोली, भिंतींना गोधड्या लावलेल्या. रेकॉर्डिंग करणारा माणूस वयाने तुमच्याएवढा असेल, म्हणजे तुम्ही आज असता तर. दोन कडव्यांच्या मध्ये सोलोसाठी जागा ठेवली होती. मी सोलो आधीच रचला होता, कागदावर, तीन आठवडे घोटून. चार वेळा वाजवला. चारही वेळा अगदी सारखा. त्याने कानांवरचं काढलं आणि म्हणाला, “बेन, बराबर छे. पण कोरुं छे.” बरोबर आहे, पण कोरडं आहे. मी म्हटलं, अजून एकदा करते. तो म्हणाला, “वो कागज़ उधर रख दो, बेन. एक बार ऐसे ही बजाओ. हम दो ही जन हैं, कौन सुनता है.” मी कागद खाली ठेवला. गाणं सुरू झालं, पहिलं कडवं गेलं, जागा आली, आणि मला काही सुचेना. तेव्हा डोक्यात सकाळचं मायचं वाक्य होतं, गाडीला निघताना बोललेलं: “डबामा भाकर शे, खाई लेजो, परत आनू नको.” मी ते वाजवलं. ‘डबामा भाकर शे’ सपाट, घाईत. ‘खाई लेजो’ जरा वर, लाडात. ‘परत आनू नको’ खाली, दटावून. मग तेच परत, वळवून. मग दटावणं तेवढं घेतलं आणि ते वर नेलं. कडवं कधी आलं कळलं नाही, पण बोट वेळेवर घरी होतं.

तो माणूस म्हणाला, “बस. यही रखते हैं.” मग म्हणाला, “किससे सीखा?” मी म्हटलं, वडलांकडून. आणि हे तोंडातून बाहेर पडलं तेव्हाच शंका आली. सोलोची मला काळजी नव्हती. ते वाक्य मायचं होतं आणि त्याच सकाळचं होतं, ते तुम्ही वाजवलेलं असणं शक्यच नाही. पण चाल? बारा वर्षं मला एक ओळ करता आली नाही, आणि एका रविवारी चार भाकऱ्यांच्या वेळात अख्खी चाल झाली? ‘ऊन कलनं, आते तरी बठ’ हे काही त्याच दिवशी जन्मलेलं वाक्य नाही. पथारीवर रोज दुपारी कोणी ना कोणी ते कोणाला तरी म्हणतंच. तुमच्या वेळीही म्हणत असणार. आणि कोणी म्हटलं की तुम्ही ते वाजवत असणार. मग मी ते केलं की मला ते आठवलं? नळी तुमची आणि चिठ्ठी माझी, असं तर झालं नाही?

मायला विचारलं. ती लसूण सोलत होती. मी मोबाइलवर चाल ऐकवली, म्हटलं, आप्पा हे वाजवायचे का? तिने पूर्ण ऐकलं. “तुन्हा बापनं काय नि तुन्हं काय, घरनंच शे ना. सही कर आनि जेवाले ये.” मी म्हटलं, माय, तसं नसतं, खाली लिहिलंय बघ. ती म्हणाली, “तो काय उठीसन भांडाले येवाव शे?” आणि परत लसूण सोलायला लागली. थोड्या वेळाने मात्र म्हणाली, अजून एकदा लाव. मी लावलं.

मग मी काकूकडे गेले. ती आता मुलाकडे असते, रेल्वे फाटकापलीकडे, गुडघ्यांमुळे बसता येत नाही म्हणून काम सुटलं. मला बघून म्हणाली, “आप्पानी पोर ना तू? कितली सुकी गयी व! लॅबमा लोकंस्नं रगत काढस का सोतानं?” चहा झाला. मी चाल लावली. ती डोळे बारीक करून ऐकत राहिली आणि हसली. “असंच वाजाडे आप्पा.” मी पुढे सरकले. हीच चाल, काकू? हीच? “हाईच का दुसरी, माले काय ठाऊक? तो रोज नवं वाजाडे. आम्ही हासाले आयकूत, ध्यानमा ठेवाले नही.” थोडं तरी आठवत असेल, मी म्हटलं, हे ‘ऊन कलनं’वालं. ती म्हणाली, “माले काय इचारस पोरी? तू ते रोज तठेच बठेल राहे, सगळास्नापेक्षा जोडे. तूच सांग.”

सगळ्यांपेक्षा जवळ मी बसलेली असायचे, हे खरं आहे. परत येताना फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, मी उभी होते, आणि मला माझी वही आठवली. तुम्हालाही आठवत असेल. चौथीत किंवा पाचवीत, गणिताची जुनी वही. तुम्ही वाजवायला बसलात की मी ती घेऊन शेजारी बसायचे, आणि तुमचा सूर घसरला, बोट दुसऱ्याच जागी पडलं, तार खरखरली, की एक रेघ मारायचे. मला कोणी सांगितलं नव्हतं. लोकांना कळायच्या आधी आपल्याला माहीत असावं, एवढंच मनात असायचं. बायका हसायच्या ते सासूला हसतात हे मला कळत नव्हतं. मला वाटायचं, तुम्हाला हसतात. मी खाली मान घालून रेघा मारत बसायचे आणि तास संपायची वाट बघायचे. एक दिवस तुम्ही वही उचललीत. “हाई काय शे?” मी म्हटलं, चुका. तुम्ही रागावला नाहीत. “कितल्या व्हयन्यात?” सतरा. तुम्ही मान हलवलीत, वही परत माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “आनि बाकीनं? बाकीनं कोन लिही?”

मी बाकीचं लिहिलं नाही, आप्पा. दुसऱ्या दिवशीही रेघाच मारल्या, फक्त वही दप्तराखाली धरून. इतकी वर्षं लोकांना सांगत आले की मी वडलांचं ऐकत वाढले. सुरतेच्या माणसालाही तेच सांगितलं. मी ऐकत नव्हते. मी तिथे होते, रोज, हातभर अंतरावर, आणि तुम्ही काय वाजवलंत ते मला माहीत नाही. एकही चाल माहीत नाही. ती तुमची असली तर माझ्या बोटांनी ती कधीतरी माझ्या नकळत उचलली असेल, आणि तुमची नसली तरी ते कळायला आता काही मार्ग नाही. माहीत असण्यासारखी एकच व्यक्ती होती आणि ती मोजत बसली होती. हे लिहिताना रडू येईल असं मला वाटलं होतं. पेन थांबवून थोडा वेळ बसलेही. आलं नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. सही करायची आहे, असं मी सुरुवातीला लिहिलं. ते खरं नाही. फॉर्म परवाच गेला. काकूकडून घरी आले, हात धुतले आणि भरला. शब्दांपुढे माझं नाव लिहिलं. संगीतापुढे थोडा वेळ थांबले. तुमचं नाव लिहिता आलं असतं, दोघांचं लिहिता आलं असतं, जागा होती. लॅबमध्ये अशी शंका आली असती तर मी नळी फेकून दिली असती आणि माणसाला परत बोलावलं असतं. इथे मी माझं नाव लिहिलं, एकटीचं. ते छापलेलं वाक्य वाचलं, दोनदा, आणि खाली सही केली. माहीत नव्हतं म्हणून केली, असं मी दोन दिवस स्वतःला सांगतेय. तसं नाही. ती माझी असावी असं मला वाटत होतं. तुमची असती, आणि तसं मला नक्की माहीत असतं, तरी मी बहुतेक हेच केलं असतं.